नागाखालचा तवा

पहिलंच सांगून टाकते. "तुम्हाला सापाची भीती नाही वाटत?" हा प्रश्न मला विचारायचा नाही. "विषाचे दात काढलेले असतात ना?" हाही नाही. साउथहॅम्प्टनच्या ज्या दुकानात मी नोकरी केली, तिथल्या एकाही सापाला विष नव्हतं. विष होतं ते आमच्या मंडळातल्या दोन-चार जणींच्या जिभेवर. गणपतीच्या आरतीला मी ताट हातात घेतलं की त्या हळूच विचारायच्या, "हात धुतलेत ना?" मी म्हणायची, "नाही बाप्पा, मुद्दाम तसेच आणले."

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला आणि म्हणाल्या, "परदेशातल्या नोकरीवर लिहा, पण वाचकांना जरा आपलंसं वाटेल असं." आता याचा अर्थ काय घ्यायचा? बँकेतल्या बाईचे अनुभव आपलेसे, आणि सापाच्या पेटीतलं तापमान सांभाळणाऱ्या बाईचे परके? मी ऊब सांभाळायचं काम केलं. अख्खी नोकरी तेच केलं आणि चांगलं केलं. ज्यांना किळस येते त्यांनी पुढच्या लेखाकडे वळावं. पाककृतींचं पान असेलच.

मी नागपूरची. लग्नानंतर, दोन हजारचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, इंग्लंडला आले. सतीश, म्हणजे माझा नवरा, बंदरावरच्या एका कंटेनर कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. मी दिवसभर घरी बसून कुडकुडायची. एकदा बसची वाट पाहत होते, हाडं गोठायची वेळ आली, म्हणून समोरच्या दुकानात शिरले. आत काय विकतात ते बघितलंसुद्धा नाही. दार उघडल्याबरोबर अंगावर आली ती ऊब! नागपूरच्या फेब्रुवारीतली, दुपारी गच्चीवर गहू वाळत घालताना लागते तशी. डोळे मिटून उभी राहिले. उघडले तर समोर काचेपलीकडे एक अजगर माझ्याकडे बघत होता. साउथहॅम्प्टनमध्ये माणसाच्या अंगाला ऊब लागेल असं दुकान तेवढं एकच, आणि ते सापांसाठी तापवलेलं. मी रोज जायला लागले. शेवटी मालक म्हणाला, रोज येतेस, मग काम का करत नाहीस? झालं, लागले कामाला.

मालकाचं नाव डेरेक. माझं नाव मंदा, त्याने पहिल्याच दिवशी त्याचं मँडी केलं. मग मी त्याचं डेरेकराव केलं. त्याला वाटायचं राव म्हणजे काहीतरी शिवी आहे. मी बरीच वर्षं तसंच वाटू दिलं.

आता कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या अंगात चूल असते. जेवलं की ती पेटते आणि बाहेर बर्फ पडला तरी आपण आतून गरम राहतो. सापाच्या अंगात चूल नाही. त्याला गरम व्हायचं तर गरम जागी जावं लागतं, आणि गार व्हायचं तर गार जागी. गरम झाल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. म्हणून पेटीचं एक टोक गरम ठेवायचं, दुसरं गार, आणि मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा. कुठे बसायचं ते साप ठरवेल. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. मला ते ऐकल्याबरोबर कळलं, कारण मराठीत त्याला ऊन-सावली म्हणतात. मी पेट्यांवर चिकटपट्टी लावून एका टोकाला 'ऊन' आणि दुसऱ्याला 'सावली' लिहून ठेवलं. डेरेकने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "हॉट एंड आणि कूल एंड, पण नीट भाषेत."

गिऱ्हाइकांना हे पटवताना नाकी नऊ यायचे. त्यांना सगळी पेटी सारखी गरम करायची असायची. एक गृहस्थ साप घरातल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायचे, जिथे इंग्रज लोक टॉवेल वाळवतात. म्हणाले, "तिथे तो शांत असतो." मी म्हटलं, "शांत नाही, ग्लानीत असतो. तुम्हाला कुकरमध्ये ठेवलं तर तुम्हीही शांत व्हाल." एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या सापासाठी लोकरीचा स्वेटर विणून आणला होता. लांबलचक, हिरवा, शेपटीकडे निमुळता होत गेलेला. मला हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी माया की हसवेना. त्यांना सांगितलं, "मावशी, स्वेटर ऊब देत नाही, आपलीच ऊब आपल्यापाशी धरून ठेवतो. याच्याकडे धरायला काही नाहीच." त्यांनी ते इतकं पटकन समजून घेतलं की मी त्यांना तिथल्या तिथे चहा पाजला.

आमचं घोडं अडलं ते गरम दगडावर. हे एक बाजारात मिळणारं सोंग आहे. दिसायला दगड, आत तार, मागे वायर. वायर भिंतीत खोचली की दगड तापतो. त्याच्यावर थर्मोस्टॅट नाही, म्हणजे आता पुरे असं सांगणारं कोणी नाही. एका ठिकाणी कोमट, दुसऱ्या ठिकाणी चटका. आणि लोक काय करायचे, थंडगार पेटीत तेवढा एक दगड ठेवायचे. बाकी सगळीकडे थंडी असली तर बिचारा साप जाणार कुठे? तो दगडाला वेटोळं घालून बसतो. त्याच्या पोटाच्या कातडीला भाजल्याचं आपल्याइतकं चटकन कळत नाही. कळतं तेव्हा कातडी गेलेली असते. आणि हे दगड आमच्याच दुकानात फळीवर होते. स्वस्त, सुटसुटीत, डब्यावर हसऱ्या सरड्याचं चित्र. मी डेरेकला म्हटलं, "हे काढा." तो म्हणायचा, "लोक मागतात, मँडी. आपण नाही दिलं तर दुसरीकडून घेतील." मी पुन्हा म्हणायची, तो पुन्हा म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

माणूस वाईट नव्हता हो. लहानपणापासून सापवेडा. पण दुकान चालवता चालवता माणसाला काही गोष्टी न बघायची सवय लागते.

मग एका वसंतात डचेस परत आली. डचेस म्हणजे एक रॉयल पायथन, अजगराच्या जातीतली पण जेमतेम दोन-अडीच हात लांब, लाजाळू, घाबरली की चेंडूसारखी गुंडाळी करणारी. आमच्याच दुकानातून गेलेली, आमचाच दगड सोबत घेऊन. आणणारा माणूस म्हणाला, "ती खात नाही, आणि खाली काहीतरी डाग पडलाय." डेरेकने तिला उलटी केली. डाग कसला! पोटाची तळहाताएवढी जागा भाजून काळी पडली होती आणि कडेने लाल मांस दिसत होतं. तो माणूस पांढराफटक पडला. म्हणाला, "मला वाटलं तिला तो दगड आवडतो. ती तिथून हलायचीच नाही." तो साप ठेवून निघून गेला, परत आला नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याने डब्यावर लिहिलं होतं तेच केलं.

डेरेक म्हणाला, "व्हेटकडे ने आणि शांत करून आण." म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून कायमची झोपवून आण. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नेते व्हेटकडे, पण मलमासाठी. मी हिला घरी नेणार आणि नीट ऊन-सावलीत ठेवून बरी करणार. सप्टेंबरात शाळा उघडायच्या आत हिची जखम भरली आणि ही खाऊन पचवायला लागली, तर हे सगळे दगड फळीवरून जातील. कबूल?"

"आणि नाही झालं तर?"

"तर मी दगडांबद्दल एक शब्द बोलणार नाही. जो मागेल त्याला हसून देईन."

डेरेक हसला. "तू गप्प बसणार? हे बघायला मी काहीही देईन. कबूल." आम्ही हात मिळवला. बसमध्ये डचेस मांडीवर घेऊन बसले तेव्हा कळलं आपण काय करून बसलो. ती मेली तर मला माझ्या हाताने ते दगड विकावे लागणार होते. बोललेला शब्द मी फिरवत नाही, ही माझी खोड आहे.

घरात सगळ्यात लहान खोलीत वारा शिरायचा नाही, म्हणून तिची प्लॅस्टिकची पेटी तिथे ठेवली. एका टोकाखाली गरम होणारी पातळ काळी चटई, तिला थर्मोस्टॅट. आत नुसता किचनचा कागद, म्हणजे जखमेला काही चिकटणार नाही. दोन थर्मामीटर. व्हेटबाईंनी दिलेलं मलम सकाळ-संध्याकाळ. जखम वाळायला लागली, तिने एकदा कात टाकली, खालची कातडी जरा बरी निघाली. पण तोंडाला काही लावेना.

तेवढ्यात जूनमध्ये नागपूरहून सासूबाई आल्या. घरातले देव मी त्याच खोलीत खिडकीत मांडले होते, दुसरी जागाच नव्हती. त्यांनी दार उघडलं, पेटी पाहिली, दार लावलं.

"देवाच्या खोलीत साप ठेवून राहिली तू?"

"आई, महादेवाच्या गळ्यात चालतो, तर खोलीत काय होतं?"

"जीभ चालवून राहिली माझ्यासमोर!" म्हणाल्या. आठवडाभर त्यांनी उंबऱ्याबाहेरून पूजा केली. मग आतून. मग एक दिवस पेटीवर फूल दिसलं. सासूबाई तरुणपणी नागद्वारची यात्रा करून आलेल्या, सातपुड्याच्या त्या कड्यांवरून अनवाणी चढलेल्या. नागावर त्यांची भक्ती खरी. डचेसला त्या नागोबा म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "आई, ती मादी आहे आणि नाग नाही, अजगराची धाकटी बहीण आहे." त्या म्हणाल्या, "देवाची जात विचारत नसतात."

ऑगस्ट आला. इंग्लंडचा ऑगस्ट म्हणजे कधी उकाडा, कधी स्वेटर. त्या आठवड्यात पाऊस आणि गारठा होता. नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी डचेसने माझ्या चिमट्यातून एक छोटा उंदीर घेतला. मेलेला, फ्रीझरमधला, कोमट केलेला. तिकडे तसाच देतात. किती आठवड्यांनी! मी बाहेर येऊन सतीशला मिठी मारली. तो बिचारा पेपर वाचत होता, म्हणाला, "काय झालं? प्रमोशन?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुकानात जायचं होतं. सासूबाई पुरणाचे दिंड उकडत होत्या. जाता जाता मला बजावलं, "आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दुकानात कोणी टोस्ट दिला तं खाऊ नको." मी हो म्हटलं आणि निघाले. दिवसभर डेरेकला सांगत होते, "खाल्लं तिने! शोधून ठेवा दगडांसाठी खोकं." तो म्हणाला, "आधी पचू दे."

संध्याकाळी खोलीचं दार उघडलं आणि वासानेच कळलं. पेटीच्या झाकणावर हळद-कुंकू. समोर वाटीत दूध, लाह्या, दिंडाचा नैवेद्य. भिंतीतला प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. आणि आत कागदावर आदल्या दिवशीचा उंदीर अर्धवट, ओकून टाकलेला. डचेस कोपऱ्यात वेटोळं करून पडलेली. हात लावला तर गार.

मी ओरडले. आयुष्यात सासूबाईंवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "आई, प्लग कोणी काढला?"

त्या धावत आल्या. "मी काढला. का वो? पूजा करताना पेटीखाली हात लागला तं चटका बसावा इतकं तापलं होतं! आज जगात कोणी चुलीवर तवा ठेवत नाही, आणि तू प्रत्यक्ष नागाखाली तवा तापवून राहिली? त्याच्या सणाच्या दिवशी?"

"तो तवा नाही!"

"मग काय आहे?"

सतीश जिन्यात येऊन म्हणाला, "आवाज खाली, शेजारी ऐकतील." मी म्हटलं, "ऐकू देत. त्यांनाही कळू दे." मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि समोर बाई उभी होती ती नागावरच्या मायेने हे करून बसलेली. कोणावर चिडायचं? मी प्लग खोचला, खाली बसले आणि म्हटलं, "आई, मे महिन्यात नागपूरच्या घरात तुम्ही दिवसभर काय करता?"

"काय करणार? सकाळी अंगणात बसायचं. ऊन चढलं की मधल्या खोलीत कूलरसमोर. संध्याकाळी पाणी मारून गच्चीवर."

"आणि डिसेंबरात?"

"उलटं. ऊन जसं सरकेल तशी सतरंजी सरकवायची."

"तुम्ही सतरंजी सरकवता. याला सरकायला तेवढीच पेटी. त्या टोकाला याचं अंगण आहे, या टोकाला मधली खोली. काल हा जेवला. जेवण पचवायला याला अंगणात पडून राहायचं होतं. हा अंगणात गेला असेल आणि तिथे काहीच नसेल."

सासूबाई पेटीजवळ आल्या. मग खाली बसल्या, काळ्या चटईवर तळवा ठेवला. ती हळूहळू तापायला लागली होती.

"म्हणजे हा तवा नोहे," त्या म्हणाल्या, "हे ऊन आहे. मी नागोबाचं ऊन काढून घेतलं. पंचमीच्या दिवशी." आणि पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी दिंड कोणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डेरेकला सरळ सांगितलं. लपवायला मी काही चोरी केली नव्हती. तो म्हणाला, "वाईट वाटलं, मँडी. पण प्रयत्न केलास. झालं मग." आणि एक दगड माझ्यापुढे सरकवला, किमतीचं लेबल लावायला. मी तो परत सरकवला. "शाळा अजून उघडलेल्या नाहीत, डेरेकराव." व्हेटबाईंनी सांगितलं होतं, ओकल्यावर पोटाला विश्रांती द्या, ऊब सांभाळा, मग अगदी छोटं काहीतरी द्या, पुन्हा ओकली तर मात्र कठीण आहे. म्हणजे एकच संधी उरली होती.

आणि मी दिवसभर दुकानात. मग पेटी सांभाळणार कोण? सासूबाईंनी विचारलंही नाही. खुर्ची घेऊन त्या खोलीत बसल्या. थर्मामीटरचे आकडे वाचायला शिकल्या, एकाला ऊनवालं म्हणायच्या, एकाला सावलीवालं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण दुकानात फोन करायचा ठरवलं तर कोण अडवणार? एक दिवस दुपारी डेरेकने फोन उचलला आणि गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. पलीकडून ठणठणीत आवाज येत होता, "टेल मंदा. ऊन ओके. सावली ओके." ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू डेरेक स्वतःच सांगायला लागला, "मँडी, युअर मदर-इन-लॉ. ऊन ओके, सावली ओके." तो शब्द त्याच्या तोंडात 'उन' असा यायचा. मी दुरुस्त केला. सावली मात्र त्याला चांगली जमायची.

एकदा फोन आला तो वेगळाच. डेरेक म्हणाला, "त्या म्हणतात, ऊन नॉट ओके." मी अर्ध्या कामावरून पळाले. बघते तर सासूबाई पेटीवर दुलई धरून उभ्या. सूर्य खिडकीतून सरळ पेटीवर आला होता, ऊनवालं थर्मामीटर भराभर चढत होतं. त्यांना पडदा ओढायचं सुचलं नाही, दुलई सुचली. आगीतून फुफाट्यात जायचा होता नागोबा, पण वाचला. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "राहू दे नाटकं, पडदा लाव."

श्रावण संपत आला होता. व्हेटबाई म्हणाल्या, आता देऊन बघा. मला सुट्टी मिळाली ती नेमकी सोमवारी, बँक हॉलिडे.

"श्रावणी सोमवारी उंदीर?" सासूबाईंचा उपास होता.

"श्रावण आपला आहे, आई. त्याचा नाही."

त्यांनी एकदा देवांकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग प्लगला हात लावून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. "दे. मी बघणार नाही. पण प्लग मी धरते, कोणी काढायला नको." तिथे प्लग काढणारं दुसरं होतं तरी कोण? डचेस बराच वेळ नुसती जीभ बाहेर काढत राहिली. माझा हात दुखायला लागला. मग एकदम चिमट्याला हिसका बसला. तिने घेतलं होतं. भिंतीकडून आवाज आला, "जेवला का?" मी म्हटलं, "जेवली." त्या म्हणाल्या, "जेवला," आणि प्लग तसाच धरून बसल्या.

मग वाट पाहणं. पोटात ठरलं की नाही याचा पुरावा एकच असतो, तो मागच्या बाजूने येतो. सभ्य अंकात लिहू नये, पण लिहिते. शाळा उघडायला जेमतेम आठवडा राहिला होता तेव्हा दुकानात फोन वाजला. डेरेकने उचलला, ऐकला, त्याचा चेहरा गंभीर झाला.

"मँडी," तो म्हणाला, "ऊन ओके. सावली ओके." मग थांबला. "टॉयलेट ओके."

तो सापवेडा माणूस, त्याला याचा अर्थ कळायला कोणाची गरज नव्हती. त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि सरड्यांच्या पेट्या पुसायला मागे गेला. मी दुकानाच्या मधोमध उभी राहून हसत होते की रडत होते, मला नीट आठवत नाही. सशांचं खाद्य घ्यायला आलेल्या एका आजोबांनी मला रुमाल दिला.

पण दगड फळीवर तसेच. दुसऱ्या दिवशीही. मी वाट पाहिली. मला वाटलं, इंग्रज माणूस आहे, हात मिळवलाय, शब्द पाळेल. कसलं काय! मग शनिवारी मी डचेसला उशीच्या अभ्र्यात घालून दुकानात घेऊन गेले. साप न्यायला अभ्र्यासारखं दुसरं काही नाही. डेरेकने तिला हातावर घेतलं, बारकाईने पाहिलं. "छान झालीये. खरंच छान. काम केलंस तू."

"आणि दगड?"

"विचार करतो, मँडी."

"विचार करायचं ठरलं नव्हतं. काढायचं ठरलं होतं."

"माणूस बोलण्याच्या भरात बोलून जातो."

"मी नाही बोलत भरात. मी हरले असते तर आज दगड विकत उभी असते. हसत."

तो काही म्हणणार, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. एक बाई आत आल्या. नवऱ्याला वाढदिवसाला दुसरीकडून साप घेऊन दिला होता. घरी गारठा आहे, आणि ते गरम होणारे दगड तुमच्याकडे मिळतात असं ऐकलं, म्हणाल्या. डेरेकने माझ्याकडे पाहिलं. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मँडी, यांना एक दगड दे."

"मी देणार नाही."

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागल्या.

"मँडी."

"कामावरून काढायचं तर काढा. पण हा एक दगड तुम्ही विका, माझ्यादेखत. मग घरी जाईन." आणि मी डचेसला त्याच्या हातावरून उचललं आणि माझ्या दोन्ही तळव्यांवर उताणी धरली. पोटावरची ती जागा भरून आली होती, पण खवले कायमचे वेडेवाकडे झालेले, पांढरट, चुरगळल्यासारखे. ती लाजाळू पोर, पण तेव्हा तिने गुंडाळी केली नाही. सतीशचा व्हिसा, घरभाडं, सगळं डोक्यात येऊन गेलं, तरी मी हात खाली घेतले नाहीत.

डेरेकने त्या जागेकडे पाहिलं. परत आणलेल्या दिवसानंतर त्याने तिचं पोट कधी बघितलं नव्हतं. आत्ता हातावर घेतली तेव्हाही पाठच पाहिली होती, हे मी पाहिलं होतं. त्याचे कान लाल झाले. मग त्या बाईंकडे वळून घसा खाकरला.

"सॉरी, लव्ह," तो म्हणाला. "ते दगड आम्ही ठेवत नाही. कधीच ठेवले नाहीत. तुम्हाला एक टोक गरम करायची चटई आणि थर्मोस्टॅट देतो. एका बाजूला ऊन पाहिजे, एका बाजूला सावली."

त्याच्या खांद्यामागे फळीवर दगडांचे डबे ओळीने उभे होते, हसऱ्या सरड्यांसकट. बाईंची नजर वर जायला लागली. मी डचेसला छातीशी धरलं, दोन पावलं सरकले आणि ती फळी झाकून उभी राहिले.